खालचा आवाज

"बाई, खालून येणारा आवाज कागदावर कुठं काढायचा?"

सगुणानं हे विचारलं तेव्हा बाकीची तेरा पोरं आपापल्या झाडाखाली डोळे मिटून बसली होती. श्रावणातली उघडीप होती. रात्रभर कोसळून पाऊस सकाळी थांबला होता आणि धुकं राईत शिरून झाडांच्या कमरेपर्यंत बसून राहिलं होतं.

"खालून म्हणजे मागून ना?" मी हळूच म्हटलं. "मागचा आवाज ठिपक्याच्या खाली काढायचा. सांगितलंय की."

"मागनं न्हाई, बाई. बुडाखालनं."

शेजारच्या उंबराखाली बसलेला मारुती डोळे न उघडताच फिसकन हसला. "सगीचं पोट वाजतंय, बाई."

"तुझंच वाजतंय! सकाळधरनं तीन भाकरी..."

"शूऽऽ," मी म्हटलं. "कशासारखा आवाज आहे, सगुणा?"

तिनं पुन्हा डोळे मिटले. तळवा पानांवर टेकवला. "कुणीतरी दळतंय. लांब. पण जात्यात दाणं न्हाईत, नुसतं दगडावर दगड फिरतोय."

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. निसणीची वाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याला एकोणीस घरं. घरांना लागून वर चढत गेलेली खडकाईची राई, राईच्या तोंडाशी देवीचं देऊळ, खाली ओढा, ओढ्यावर लाकडी साकव आणि साकवापलीकडच्या मुरमाड टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, माझी एका खोलीची शाळा. चौदा पोरं आणि मी एकटी. फळ्यावर झाडाचं चित्र काढायचं आणि खिडकीतून दिसणारं खरं झाड सोडून द्यायचं, हे मला जमेना. म्हणून मी पोरांना राईत नेऊ लागले. प्रत्येकाचं एक झाड ठरलं होतं. कुणाचा हिरडा, कुणाचा उंबर, कुणाची जांभळ. कागदाच्या मधोमध एक ठिपका काढायचा. तो ठिपका म्हणजे आपण. मग डोळे मिटून ऐकायचं, आणि जो आवाज जिकडून येईल तिकडे त्याची खूण करायची. पाखराला चोच, पाण्याला लाट, माणसाला काडी. मागून ते कागद वर्गाच्या भिंतीवर लावायचे, पोरं राईत जशी बसली असतील त्याच रचनेत. डोंगराकडची वर, देवळाकडची खाली. अख्खी राई भिंतीवर उभी राहायची.

हे सगळं बंद पडायच्या बेतात होतं. देवजीबाबांनी तक्रार केली होती.

देवजीबाबा म्हणजे देवीचे भगत, सगुणाचे आजोबा. सत्तरी उलटलेली, कानांनी जवळजवळ गेलेले. पन्नास वर्षं सकाळ-संध्याकाळ देवीचा दिवा त्यांनीच लावला होता. मागच्या आठवड्यात ते शाळेत आले आणि दारातूनच मोठ्यानं बोलले. त्यांना हळू बोलता येत नसे.

"बाई, राईत शिरावं, पाया पडावं, निघावं. बसू नये. डोळं तर मिटूच नयेत."

"का हो, बाबा?" मी कानाशी जाऊन ओरडले.

"डोळं मिटलं की आई बोलती. आन् ती बोलली की करावं लागतं."

शाळा समितीचा दगडू लांघी, हा मारुतीचा बाप, माझ्या बाजूचा होता. पण भगताच्या शब्दापुढं त्याचंही काही चालेना. "या बुधवारपतूर न्या, बाई," तो म्हणाला होता. "बेस्तरवारपासनं पोरं चार भिंतींतच बसवा."

त्या सोमवारी वरच्या अंगाला हिरड्यांखाली बसलेल्या तिघांनी आणि सगुणानं खालचा आवाज नोंदला. एकानं दात खाणारं तोंड काढलं होतं. सगुणाच्या कागदावर ठिपकाच राहिला नव्हता. ठिपक्यावरच गोल गोल रेघोट्या मारून तिनं कागदाला भोक पाडलं होतं.

पोरं उठून गेल्यावर मी तिच्या जागेवर बसले. डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग, खूप खोलवर, अगदी बारीक, किणकिण. थांबे, पुन्हा होई. माझ्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणी.

माझं बालपण कीर्तनात गेलं. आईच्या मांडीवर झोपावं ते टाळांच्या गजरात, जाग यावी तीही टाळांच्याच. आजही पंचक्रोशीत कुठं कीर्तन आहे कळलं की मी पहिल्या रांगेत असते. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, असं मला वाटलं. संध्याकाळी मी दगडूला म्हटलं, "दगडूभाऊ, राईत जमिनीखाली टाळ वाजतायत."

त्याच्या हातातली दावण गळून पडली. "आईची पालखी," तो म्हणाला.

वाडीत जुनी समजूत होती की डोंगराच्या पोटात खडकाईची पालखी फिरते आणि सात पिढ्यांत एकदा ती ऐकू येते. मंगळवारी सकाळी पोरांचा तास संपला तेव्हा अख्खी वाडी राईत जमिनीला कान लावून पालथी पडलेली होती. म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळी. एकामागून एक उठत आणि कपाळाला माती लावत. "ऐकलं गं बाई, ऐकलं!" दगडूची आई माझ्या पाया पडायला आली, मी तिला वरच्या वर धरलं.

"आता कोण म्हंतंय पोरं राईत नेऊ नका?" दगडू मोठ्यानं म्हणाला. "पोरांच्या पायगुणानं आई बोलली!"

सगळ्यांनी देवजीबाबांकडं पाहिलं. ते सगळ्यांत आधी जमिनीला कान लावून बसले होते आणि सगळ्यांत शेवटी उठले. दोन्ही कान लावून पाहिले होते, आधी डावा, मग उजवा. त्यांच्या दोन्ही गालांना माती होती. ते देवळात गेले आणि दार लोटू लागले. दार बसेना. ओढून पाहिलं, खांदा लावून पाहिला. मग त्यांनी कोनाड्यातून रंधा काढला आणि दाराची कड तासू लागले. आठवड्यात ही दुसरी वेळ होती, सगुणा म्हणाली.

बुधवारी एकादशी. देवळापुढं कीर्तन ठरलं. मीच बाजारगावच्या हैबतबुवांना निरोप धाडला. असा मान कुठल्या शाळामास्तरणीला मिळतो? मी नवं पातळ काढून ठेवलं.

बुधवारी सकाळी पोरांना नेहमीसारखं राईत बसवलं. धुकं इतकं की शेवटचं पोर दिसत नव्हतं. तास संपवून शाळेत आलो, कागद भिंतीवर लावले आणि मी पोरांना सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तिन्ही दिवसांची पाखरं मोजायला सांगितली.

"सोमवारी एकतीस," मारुती म्हणाला. "मंगळवारी नऊ."

"आणि आज?"

त्यानं वरून खाली सगळे कागद पाहिले. "आज एक बी न्हाई, बाई. कुणाच्याच कागदावर चोच न्हाई."

मला पहाटेपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ते काय ते तेव्हा कळलं. राईत कोंबडा नाही, बुलबुल नाही, रातकिडासुद्धा नाही.

सगुणा भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिनं सोमवारच्या कागदांवर वरच्या ओळीला बोट लावलं. मंगळवारच्या कागदांवर मधल्या ओळीला. बुधवारच्या कागदांवर अगदी खालच्या, देवळाच्या पायऱ्यांशी बसलेल्या पोरांच्या ओळीला.

"बाई, वर आता कायच न्हाई," ती म्हणाली. "तो उतरलाय."

"कोण उतरलाय?"

"जो दळतोय तो."

हैबतबुवा दुपारी दोनला आले. बरोबर एक मृदंगवाला आणि चार टाळकरी. बुवा सत्तरीचे, काटक, डाव्या हाताला तीनच बोटं. तरुणपणी ते विहिरी खोदायचे. सुरुंगात दोन बोटं गेली आणि माळ गळ्यात आली, असं ते कीर्तनात हसत सांगायचे. मी त्यांना देवळापाशी गाठलं. भिंतीवरचे कागद काढून मी पदरात गुंडाळून आणले होते. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

बुवांनी कागद पायरीवर मांडायला लावले. सगळे पाहिले. मग फेटा काढून माझ्या हातात दिला, पायरीच्या खडकाला कान लावला आणि निजले. बराच वेळ उठेनात.

"झऱ्याचं पाणी कसं आहे?" त्यांनी पडल्या पडल्याच विचारलं.

देवळामागचा झरा कधी आटत नसे. सगुणा म्हणाली, "काल तांबडं व्हतं. आज बंद झालंय."

"श्रावणात?"

"व्हय."

बुवा उठले. दाराकडं गेले. ते पुन्हा बसेनासं झालं होतं. वरची चौकट एका बाजूला दोन बोटं खचली होती. त्यांनी तीन बोटांनी ती चाचपली.

"टाळ वाजतात असं कोण म्हणालं?"

मी पायरीवरचे कागद गोळा करू लागले.

"पोरं म्हणाली?"

"नाही, बुवा. पोरांनी जातं काढलं होतं. दात खाणं काढलं होतं. टाळ मी म्हणाले."

बुवांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. "माउली, आपल्याला जे आवडतं तेच ऐकू येतं. मलाही टाळच आवडले असते." मग आवाज उतरवून म्हणाले, "विहिरीत कडा सुटायच्या आधी तो असा बोलतो. तो बोलला की आम्ही दोर हलवायचो आणि वर यायचो. खाली पहार राहिली, टोपली राहिली, तरी विचारत बसायचो नाही."

"किती वेळ असतो?"

"कधी दिवस. कधी विडा लावून होत नाही तेवढा."

देवळापुढं माणसं जमू लागली होती. बायका नव्या लुगड्यांच्या घड्या मोडून आल्या होत्या. मी चौथऱ्यावर चढले.

"मंडळी, माझी चूक झाली," मी म्हटलं. "खाली टाळ वाजत नाहीत. पालखी नाही. डोंगर सुटतोय. सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता साकव ओलांडून शाळेत चला."

कुणी हललं नाही. मग दगडू पुढं आला. "म्हंजे आईनं आमाला खोटं ऐकवलं?"

"तसं नाही, दगडूभाऊ..."

"माज्या म्हातारीनं ऐकलं! साऱ्या वाडीनं ऐकलं!"

मागून एक बाई म्हणाली, "पोरं राईत न्यायला मिळावीत म्हणून आईला बोलती केली. आता मतलब झाला, आईला गप करत्यात." दोघीतिघी हसल्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मी काही बोलणार तोच बुवांनी वीणा गळ्यात घातली. "मी शाळेच्या टेपावर उभा राहणार," ते शांतपणे म्हणाले. "गाभाऱ्याच्या दारात पाय पसरून कुणी देवाचं कीर्तन करत नाही, जरा समोर उभं राहून करतात. आईला समोरून ऐकू द्या. ज्याला कीर्तन हवं त्यानं यावं. पोरांना पुढं घाला. घरात कुणी मागं राहू नका, एकादशीचं कीर्तन सोडलं तर पाप लागतं, तेही माझ्या नाही, तुमच्या माथी."

आणि ते चालू लागले. टाळकरी मागं. टाळ सुरू झाले तशी माणसं कुरकुरत, एकमेकांकडं बघत, पण मागं निघाली. टाळांमागं न जाणं आमच्या लोकांना जमत नाही. बाळंतीण निघाली, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला झोळीत घालून दोघांनी उचललं. साकवावर मी उभी राहिले आणि माणसं मोजली. एक कमी होतं.

सगुणा माझा पदर ओढत होती. "बाई, आमचं बाबा न्हाई आलं."

आम्ही दोघी परत गेलो. राईच्या तोंडाशी जाताना पायाखालची वाट मऊ लागत होती, जसा शिजलेला भात. पायऱ्यांशेजारची जांभळ सकाळी सरळ होती. ती आता देवळाकडं वाकली होती. वारा अजिबात नव्हता आणि तिची पानं थरथरत होती.

देवजीबाबा देवीसमोर मांडी घालून बसले होते. दिवा जळत होता. मी कानाशी ओरडले, "बाबा, चला! डोंगर येतोय!"

"जा तुमी," ते म्हणाले. डोळे देवीवरच. "सगळ्यांशी बोलली. माज्याशी न्हाई बोलली."

"बाबा!"

"पन्नास वरसं दिवा लावतोय मी, बाई. बाळंतीण पोरीला ऐकू आली. काल लग्न होऊन आलेलीला ऐकू आली. मला न्हाई. ती बोलल्याबिगर मी हलत न्हाई."

मी त्यांचा दंड धरला. म्हातारा खांबासारखा बसला होता. बाहेर कुठंतरी खडा घरंगळला. मग दुसरा.

सगुणा त्यांच्यापुढं बसली. ती ओरडली नाही. तिनं आजोबांचा उजवा हात उचलला, तळवा उलटा केला आणि देवीच्या बैठकीच्या खडकावर दाबून धरला. दुसरा हात वर करून त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या. आम्ही राईत करत असू तसं.

"ऐका," ती नुसत्या ओठांनी म्हणाली.

किती वेळ गेला कोण जाणे. दिव्याची ज्योत एका बाजूला कलली आणि तशीच राहिली. देवजीबाबांचे ओठ हलू लागले. तोंडावरच्या सुरकुत्या एकेक करून सुटत गेल्या. एखाद्या लहान पोराला नावानं हाक मारल्यावर त्याचं तोंड होतं, तसं त्यांचं तोंड झालं.

"आली," ते म्हणाले. "आई उठली गं."

त्यांनी डोळे उघडले. उठले, खांद्यावरच्या उपरण्यात देवीचा पितळी मुखवटा बांधला, हातात दिवा घेतला. "तीच निघाली, तर मी कशाला बसू? चला." आणि आमच्या पुढं झाले. दार लावायला ते वळले, तर दार चौकटीत मुळी मावेचना. ते त्यांनी तसंच टाकलं.

शाळेच्या खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. बुवांनी आम्हाला दारात पाहिलं, डोळे मिटून एकदा मान हलवली आणि मग जो नामाचा गजर धरला तो तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. मृदंग घुमत होता, पत्रे थरथरत होते. दगडू सगळ्यांत पुढं उभा राहून टाळ्या वाजवत होता, माझ्याकडं न बघता. देवजीबाबा दारापाशी जमिनीवर बसले. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मांडीवर मुखवटा, समोर दिवा, उजवा तळवा फरशीवर.

गजर ऐन भरात असताना त्यांनी तो हात वर केला.

बुवांचं लक्ष बहुधा त्या हाताकडंच होतं. त्यांनी वीणेवर तळवा ठेवला. टाळ थांबले, मृदंग थांबला. पन्नास-साठ माणसं आणि एका तान्ह्या पोराचा श्वास. बाहेर काही नाही. ओढासुद्धा नाही. बारा महिने वाजणारा ओढा वाजत नव्हता.

मग खिडकीतून वास आला. चिखलाचा, फुटलेल्या मुळांचा, शेकडो वर्षं उजेड न पाहिलेल्या मातीचा.

आम्ही बाहेर आलो. समोर धुकंच होतं. पण जिथं नेहमी धुक्यामागं राईचा काळा डोंगर दिसायचा तिथं पांढरा उजेड होता. हळूहळू धुकं वर सरलं. गजरात आम्हाला कळलंच नव्हतं, डोंगर उतरून गेला होता. राई नव्हती. देऊळ नव्हतं. एकोणीस घरांपैकी दोन घरांच्या छपरांची पाखी तेवढी मातीतून वर आलेली होती, उपडी ठेवलेल्या सुपांसारखी. गोठ्यातली एक गाय आणि चार शेळ्या गेल्या. माणूस एकही नाही.

कुणी रडलं नाही. दगडूची आई खाली वाकली आणि तिनं माती कपाळाला लावली. दगडू माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, उद्या बेस्तरवार."

उद्यापासून पोरं चार भिंतींत बसवायची होती. मी होकारानं मान हलवली.

वाडी त्या टेपावरच पुन्हा वसली. पावसाळा सरेपर्यंत पोरांना मी बाहेर नेलं नाही. पोरांनीही विषय काढला नाही. त्यांच्या कागदांची गुंडाळी माझ्या पेटीत पडून होती. मग मार्गशीर्षातल्या एका सोमवारी सकाळी देवजीबाबा वर्गाच्या दारात आले आणि मोठ्यानं म्हणाले, "पोरं कुठं बसवता आता?"

मी बोट दाखवलं. शाळेमागं टेपावर करवंदीची जाळी होती, दोन बाभळी, एक पळस.

ते तिकडं गेले. काठी खाली ठेवली, गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले आणि तळवा जमिनीला लावला. पोरं दारात गर्दी करून बघत होती. सगुणा सगळ्यांत पुढं. पळसावर एक बुलबुल येऊन बसला, उडाला, परत आला.

पुढं ते मरेपर्यंत, सहा वर्षं, दर सोमवारी ते असेच आले. उठताना ते हाताची माती झटकायचे नाहीत. काठी घ्यायचे, माझ्याकडं वळायचे आणि त्या पहिल्या दिवशी म्हणाले तेच म्हणायचे.

"गप हाय. शिकवा."